बांधावरची दुरडी

वालूरात गुरं किती, असं कुणी विचारलं तर मी उलट विचारतो, दावणीची का मोबाईलमधली? दावणीची मोजायला हाताची बोटं पुरतील. मोबाईलमधली मोजायला तलाठी लागेल, आणि तोही दमून चहा मागेल. त्या गुरांचं शेण कुणाला उचलावं लागत नाही, त्यांना कडबा लागत नाही, आणि ती दुसऱ्याच्या रानात शिरली तरी भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जात नाही. एवढ्या सोयीमुळं ‘नांगरवाडी’ नावाचा तो खेळ आमच्या गावात असा पसरला, की आठवडी बाजारात वांगी विकणारी बाई गिऱ्हाइकाला म्हणायची, "जरा थांब माय, माझी ज्वारी काढणीला आलीय." आणि गिऱ्हाईक वांगी निवडायचं सोडून तिच्या मोबाईलमध्ये डोकावून म्हणायचं, "कणसं लय भरलीत की गं."

खेळ साधाच. मोबाईलमध्ये आपल्याला एक रान मिळतं. पेरायचं, पाणी द्यायचं, तण काढायचं, पीक घ्यायचं. बांधाला बांध लागून दुसऱ्यांची रानं. आणि सण आला की खेळ काढणारी कंपनी प्रत्येकाच्या रानात एक लाल पेटी ठेवायची. पेटीत ज्याच्या त्याच्या नशिबाचं निघायचं. कुणाला बियाणं, कुणाला कोंबडी, कुणाला नुसतं पाटीभर खत. पेटी फुकट.

या फुकटानंच घात केला. पहिल्या साली पेटी आली तेव्हा लोकांनी मोबाईलला हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या साली म्हणाले, "एवढंच?" तिसऱ्या साली दिनकररावांनी पारावर उभं राहून कंपनीवर मोर्चा न्यायचं ठरवलं. हे दिनकरराव म्हणजे ज्यांनी घराची पाणीपट्टी कधी वेळेवर भरली नाही ते.

"पोळ्याला पेटी न्हाई, येळवशीला न्हाई. ह्यायनं काय लावलंय? आमी रोज खेळायचं आन् ह्यायनं सण खायचे?"

"पर मालक, कंपनी हाय कुठं?" कुणीतरी विचारलं.

"आसंल की पुण्याला. न्हाईतर अमेरिकेला. जीप करू."

जीपचं भाडं कुणी द्यायचं यावर मोर्चा मोडला, म्हणून अमेरिका वाचली.

आता कडूबाईचं सांगतो. माझ्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. नवरा वारलेला, एकुलती लेक मंजुषा जिंतूरला दिलेली. जमीन बटाईनं लावलेली. घरात ती आणि एक मांजर, आणि दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं. लेकीनंच जाताना तिच्या मोबाईलमध्ये हा खेळ घालून दिला, "माय, तेवढाच तुझा वेळ जाईल." कडूबाईनं रानाला नाव दिलं ‘कडूबाई वालूर’. माझ्या रानाच्या दोन बांध पलीकडं ते होतं.

तिला बैल नको होते, कोंबड्या नको होत्या. दिवाळीला दारात कुणीतरी काहीतरी घेऊन यावं, एवढंच हवं होतं. कारण येणारा एकच होता आणि तो यायचा थांबला होता. पोखर्णीचा मुंजाजी, तिचा पाठचा भाऊ.

ते असं झालं. मंजुषाच्या लग्नात कडूबाईनं व्याह्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "माझा भाऊ कपाट आणनार हाय, आरशाचं." भावाला हे तिनं विचारलेलं नव्हतं. लग्नादिवशी मुंजाजी आला तो डोक्यावर पितळी घागर घेऊन. त्यांच्या आईची घागर. चिंचेनं घासून घासून त्यानं ती अशी लखलखीत केली होती, की मांडवात दोन सूर्य झाले आणि मुहूर्त कोणत्या सूर्यावर धरावा ते भटजीला कळेना. पण गळ्यापाशी पोचा होता. कडूबाईनं व्याहिणीच्या तोंडाकडं बघितलं, मग घागरीकडं, आणि हळूच जावेला म्हणाली, "जुनंपानं आणलंय. आतल्या खोलीत ठेव, पाव्हण्यायच्या नजरेला नको."

हळू म्हणाली, पण मुंजाजीनं ऐकलं. अक्षता पडेपर्यंत तो भाचीच्या मागं मामाचा मान म्हणून उभा राहिला. जेवला नाही. निघताना उंबऱ्याला हात लावून म्हणाला, "आक्का, ह्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवला तर मला नरसिंहाची आण हाय."

त्यानंतर पंचमीला तिला न्यायला कुणी आलं नाही. दिवाळीला लुगडं आलं नाही. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. भाऊ धडधाकट असून कडूबाई अंगणात पाट मांडून चंद्राला ओवाळायची. मी भिंतीवरून बघायचो, आणि ती म्हणायची, "काय बघायलाव भाऊजी? चंद्र काय तुमच्या एकट्याचा हाय?"

तर खेळ घेतल्यावरची पहिलीच पंचमी. सकाळी कडूबाई मोबाईल नाचवत भिंतीपाशी आली. "बघा, बघा! कंपनीनं मला झोका दिला."

मी बघितलं. तिच्या रानात लाल पेटी होती, तिच्यात मूठभर बी. आणि बांधावर एक विणलेली दुरडी, तिच्यात झोका. खेळातल्या लिंबाला तो टांगला की आपसूक हलायचा. माझ्या रानात पेटी होती, दुरडी नव्हती. मला वाटलं, पंचमी बायांचा सण, बायांना देत असतील. दुसऱ्या बायांना मिळाला का, हे तिनं कुणाला विचारलं नाही. नजर लागंल म्हणे.

दिवाळीला दुरडीत लुगडं आलं, हिरवंगार, रुईफुलाच्या काठाचं. खेळात माणूस नेसत नाही, म्हणून तिनं ते बुजगावण्याला नेसवलं. ते बुजगावणं असं देखणं दिसायला लागलं, की पाखरं भ्यायचं सोडून बघायलाच यायची आणि तिचं सगळं पीक त्यांनी खाल्लं. तरी ती खूश. त्या भाऊबीजेला तिनं चंद्राला सुट्टी दिली आणि मोबाईललाच ओवाळलं. तेलाचा थेंब पडून काचेवर कायमचा डाग राहिला.

संक्रांतीला दुरडीत ऊस, बोरं, हरभऱ्याचे डहाळे. "माहेरून वानोळा यावा तसं देते ओ ही कंपनी," ती म्हणाली. "कंपनीला माझे सण कळतेत."

पण सवय वाईट. पुढच्या पंचमीला दुरडीत बांगड्या निघाल्या तर म्हणाली, "बांगड्याच?" बैलपोळ्याला दुरडी आली नाही तर दिवसभर धुसफुसली. आणि दिवाळीच्या आधी कंपनीनं जाहिरात दाखवली. फेटेवाला माणूस, मागं झुली घातलेली खिल्लारी जोडी, खाली अक्षरं, ‘यंदाची दिवाळी, दारी बैलजोडी’. झालं. साऱ्या वालूरानं दावणी रिकाम्या करून ठेवल्या. मोबाईलमधल्या.

भाऊबीजेच्या सकाळी शाळेच्या भिंतीपाशी गर्दी झाली, कारण नेटवर्क तिथं बरं असतं. एकेकानं पेटी उघडली. दिनकररावांना कोंबडी निघाली. माझ्या पेटीत गाजराचं बी. कुणाला कुदळ, कुणाला बुरशी लागलेलं खत. बैल एकालाही नाही. शिव्यांचा असा धूर उठला की शाळेच्या छपरावरचे पारवे उडाले.

"माझी दुरडी तर बघू द्या आधी," कडूबाई म्हणाली. दुरडीवर तिचा भरवसा होता. तिनं बांधावर बोट ठेवलं. दुरडी उघडली. आत शेंदाडं होती.

तरुण वाचकांना शेंदाड सांगायला पाहिजे. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, न पेरता उगवणारी वेल, तिला मुठीएवढं फळ, कच्चं कडू, पिकलं की फुटतं आणि वास आख्ख्या रानाला पुरतो. खेळातही ते तणासारखंच उगवायचं. लोक उपटून टाकायचे. त्या बाजारात त्याला छदाम मिळत नव्हता.

"कडूबाईला कंपनीनं तण दिलं!" दिनकरराव ओरडले. "निंदायला लावलं की हो तुमाला कंपनीनं!"

लोक हसले. कोंबडीवाला, गाजरवाला, बुरशीवाला, सगळे हसले, कारण त्यांच्यापेक्षा वाईट कुणालातरी मिळालं होतं. कडूबाईचं तोंड उतरलं. मग तिनं खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर बोलायचं बटण दाबलं. हा ग्रुप आमच्या सुकेशनीनं काढलेला. ती सेलूला बँकेत क्लार्क, राहायला वालूरातच. त्यात चुडाव्यापासून जिंतूरपर्यंतचे लोक होते, निम्मे टोपणनावानं. कडूबाई तिच्या खणखणीत आवाजात बोलली,

"ओ कंपनीवाले, आयका. वालूरची कडूबाई बोलायलेय. भाऊबीजेच्या दिवशी बाईमाणसाला शेंदाडं देतेत व्हय? ढोरं बी तोंड लावत न्हाईत असल्याला. ऐपत नसंल तर देऊ नगा. पर असलं टाकाऊ माझ्या बांधावर आणून ठिवू नगा. माझं काय अडलं न्हाई तुमच्यावाचून."

ग्रुपवर हसणाऱ्या तोंडांचा पाऊस पडला. कडूबाईला बरं वाटलं. तिनं सगळ्यांदेखत ती शेंदाडं रानातल्या उकिरड्यात ओतली.

संक्रांत आली. लाल पेटी आली. दुरडी आली नाही.

कडूबाईनं दहा वेळा मोबाईल उघडला, दहा वेळा मिटला. "रुसली का काय कंपनी?" तिनं मला विचारलं. मी म्हणालो, मोबाईल उन्हात ठेवा, दुरडी गारठली असेल. तिनं खरंच ठेवला. संध्याकाळी सुकेशनी बँकेतून येताना दारात थांबली, तर कडूबाईनं तिला धरलंच.

"सुकेशनी, तू ग्रुपची मालकीण. कंपनीला इचार. माझी दुरडी काहून बंद केली?"

"कोणती दुरडी, काकू?"

"बांधावरची. सणाची. लाल पेटीसंगं येती ती."

सुकेशनी पायरीवर बसली. "काकू, लाल पेटी कंपनीची. दुरडी माणसाची असती."

"म्हंजे?"

"म्हंजे दुसरा कुणी खेळणारा आपल्या रानात पिकवून तुमच्या बांधावर ठिवतो. त्यानं नाव घातलं तर दिसतं, न्हाई घातलं तर न्हाई. कंपनीचा काय संबंध न्हाई त्याच्याशी."

"सगळ्यायला येत न्हाई?"

"मला तर कव्हा आली न्हाई बाई."

कडूबाईनं मोबाईल उघडून बुजगावण्याकडं बघितलं. मग म्हणाली, "लुगडं बी?"

"लुगडं आलतं तुमाला?" सुकेशनीचे डोळे मोठे झाले. "काकू, लुगडं लय अवघड असतंय. कापूस लावायचा, वेचायचा, सूत काढायचं, रंगवायचं, इनायचं. एक दिस पाणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मी नाद सोडला त्याचा."

"कोण आसंल गं?" कडूबाई हळूच म्हणाली. "कुणी चावट म्हातारा तर नसंल?"

आणि दोघींनी भिंतीवरून माझ्याकडं बघितलं.

मी शपथ घेतली. माझ्या शपथेला गावात जेवढी किंमत आहे तेवढ्यात शेंदाडही आलं नसतं. पण माझ्या रानात गाजराच्या पुढं काही उगवलेलं नाही, हे दोघींना ठाऊक होतं, म्हणून सुटलो.

पुढच्या एका शनिवारी मी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो. देवळाबाहेर लिंबाखाली मुंजाजी बसला होता. लग्नातली ओळख. माझ्यापेक्षा लहान असून माझ्यापेक्षा म्हातारा दिसायला लागला होता.

"राम राम. बसा पाव्हणं. वालूरचं काय?" आणि जरा थांबून, "बाई बरी हाय का?"

‘आक्का’ म्हणाला नाही. बाई म्हणाला.

मला बोलायला विषय पाहिजेच असतो. मी त्याला मोबाईलमधल्या गुरांचं सांगितलं, दिनकररावांची जीप सांगितली, बुजगावणं सांगितलं. तो गालातल्या गालात हसत होता. मग मी म्हणालो, "आन् कुणीतरी येडा दर सणाला तुमच्या बहिणीच्या बांधावर दुरडी ठिवायचा. औंदा बंद झाला."

"त्यो येडा मीच," मुंजाजी म्हणाला.

मी तोंड उघडलं ते मिटायचं विसरलो.

"पोरानं घालून दिलता खेळ. रानबोका म्हणून नाव ठिवलं. फिरता फिरता एक दिस बघतो तर ‘कडूबाई वालूर’. बसलो बघत. तिच्या रानात निस्ती मेथी." तो हसला. "मंग झोका केला. पंचमीला ल्हानपनी मीच बांधायचो तिला. लुगड्याला आख्खा पावसाळा गेला बघा. पहाटं उठून मोबाईलला पाणी द्यायचो. बायको म्हणायची, खऱ्या रानाला तर असं कव्हा उठला न्हाईत."

"मंग नाव काहून घातलं न्हाई?"

"आण उंबऱ्याची घेतली होती. बांधाची न्हवती घेतली." तो जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिला. "पर नाव घातलं असतं तर तिनं तोललं असतं, भावानं काय दिलं, किती दिलं. कंपनीचं म्हणून तरी आनंदानं घेईल, असं वाटलं."

"आन् शेंदाडं?"

"तिला लय आवडायची ओ. मी कच्ची आणून कडब्याच्या गंजीत पिकायला दडवायचो. ती हुंगत हुंगत बरोबर काढायची. कुत्र्यावानी नाक तिचं. खेळात त्याचं बी मिळत न्हाई. निंदन सोडून रान पडू द्यावं लागतंय, तव्हा कुठं एखादी वेल येती. सगळं पीक मोडलं मी त्या एका दुरडीपायी. वाटलं, शेंदाड बघितलं की वळखंल. नाव घालायची गरज न्हाई."

देवळात घंटा वाजत होती. तो म्हणाला, "घागरीच्या येळंला ती मला आयकू यावं म्हणून बोलली न्हवती. ह्या बारीला ग्रुपवर बोलली ती बी मला आयकवायला न्हवं. दोन्ही बारीला मी आयकलं."

खेळ त्यानं त्याच दिवशी काढून टाकला होता. मोबाईल नातवाला दिला होता.

वालूरला येऊन मी कडूबाईला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मीठमसाला न घालता सांगितली, आणि नेमकी तीच तिनं उडवून लावली.

"तुमच्या तोंडचं मी आयकू? परवा तुमी सांगितलं बारवंत उतरलेला बोका गोदावरीत निघाला म्हणून!"

"वैनी, तो शेंदाडं कडब्याच्या गंजीत दडवायचा म्हणे. आन् तुमी हुंगून काढायचाव."

ती ज्वारी निवडत होती. हात थांबला. "गंजीचं तुमाला कुणी सांगितलं?"

"तुमच्याशिवाय ते कुणाला ठाऊक हाय?"

तिनं सूप तसंच ठेवून मोबाईल घेतला, रान उघडलं, उकिरड्यावर बोट ठेवलं. "ह्याच्यातून माघारी काढता येतं का ओ काही?"

येत नव्हतं. उकिरड्याचं खत झालं होतं आणि ते तिनं कांद्याला घातलं होतं. कांदा विकून टाकला होता.

महाशिवरात्र झाल्यावर ती पोखर्णीला निघाली. मला सोबत घेतलं. आण मुंजाजीनं घेतली होती, तिनं नव्हती. काय न्यावं यावर तिनं दोन दिवस घालवले. जे हातात घ्यावं ते तिला थोडं वाटायचं किंवा फार वाटायचं. शेवटी तिळाच्या लाडवांचा डबा घेतला. सेलू, परभणी, पोखर्णी, एवढ्या एस.टी.च्या वाटेत मी एक थाप मारली नाही आणि तिनं ते हेरलंही नाही.

मुंजाजी दारातच होता. "या, या. बसा बाई." भावजय पाणी घेऊन आली. चहा आला. सगळं रीतीनं झालं. पावसाचं बोलणं झालं, मंजुषाच्या लेकराबाळांचं झालं.

"मुंजा," कडूबाई म्हणाली, "मला ठाऊक न्हवतं रे."

"कशाचं?"

"दुरडीचं."

"जाऊ द्या हो ते. खेळच त्यो."

"माझं चुकलं. घागरीचं बी चुकलं."

"न्हाई न्हाई. तुमचं काय चुकलं?" मुंजाजीच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. बँकेतला माणूस अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलतो तसं तो समजुतीनं बोलत होता. "शेंदाडं काय द्यायची वस्तू हाय का? लग्नात बी जुनी घागर आणायला नको होती. चारचौघात बरं दिसत न्हाई. नंतर मला कळलं ते."

कडूबाईनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

निघायच्या वेळी भावजयीनं पाट मांडला. मुंजाजीनं आतून खोकं आणलं. खोक्यात पातळ होतं, प्लास्टिकच्या पिशवीतलं, दुकानाची चिठ्ठी अजून लावलेली. वर स्टीलचा नवा डबा. त्यानं ते बहिणीच्या ओटीत ठेवलं आणि म्हणाला, "नवंच हाय, बाई. परभणीहून आणलंय. पसंत पडंल."

एवढी सालं ज्या गोष्टीची तिनं वाट बघितली ती ओटीत पडली. चांगलं भारी पातळ होतं. व्याहिणीच्या डोळ्यांपुढं धरावं असं. कडूबाईनं ते हातात धरलं, पण उघडून बघितलं नाही.

"मुंजा, रानात शेंदाड आसंल का रे एखादं?"

"आता कुठलं? एक तर दिवस न्हाईत त्याचे. आन् तणनाशक मारतेत समदे पऱ्हाटीत. कैक सालं झाली, डोळ्याला पडलं न्हाई. म्हणून तर मोबाईलात..." मग तो बायकोला म्हणाला, "बाईला लाडवाचा डबा धुऊन दे, रिकामा नको देऊ."

भावजयीनं डब्यात साखर घालून दिली. मुंजाजी आपल्या उंबऱ्यापर्यंत पोचवायला आला, हात जोडले, आणि तिथंच उभा राहिला.

घरी आल्यावर कडूबाईनं सुकेशनीला बोलावलं. रानबोक्याचं रान दाखव म्हणाली. सुकेशनीनं शोधून काढलं. तण कंबरेएवढं झालेलं, विहिरीवर शेवाळ, गोठा रिकामा. "खेळ काढून टाकला तरी रान राहतं काकू. माणूस आला तर त्याचं त्याला मिळतं. न्हाई आला तर असंच पडून."

कडूबाईनं निंदण बंद केलं. तिची मेथी गेली, कांदा गेला. ग्रुपवर लोक म्हणाले, वालूरच्या म्हातारीनं रान सोडलं. दिनकररावांनी तर तिचं रान मागितलं, "तुमाला नको तर आमाला द्या, आमच्या कोंबडीला चरायला." ती तणात वेल शोधत होती. चैत्रात एका कोपऱ्यात वेल आली. पहिली शेंदाडं धरली ती तिनं दुरडीत भरली, रानबोक्याच्या बांधावर नेऊन ठेवली, आणि नाव घातलं, ‘आक्का’.

तेव्हापासून वेलीला धरेल तशी ती दुरडी भरते. कंपनीनं अक्षय तृतीयेला पेटी दिली, तिनं उघडली नाही. नव्या पातळाची घडी अजून मोडलेली नाही.

परवा पंचमी झाली. गावात झोके होते. कडूबाई भिंतीपाशी आली, मोबाईल माझ्या हातात दिला. तिला हल्ली चष्म्यातूनही बारीक दिसत नाही, आणि तेलाचा डाग बरोबर त्या बांधावर येतो.

"भाऊजी, बघा बरं. उचलली का त्यानं एखादी?"

मी बघितलं. रानबोक्याच्या बांधावर दुरड्यांची रांग लागली होती. पहिल्या दुरडीतून तण वर आलं होतं. शेंदाडं जशीच्या तशी होती. खेळात फळ नासत नाही.

"उचलली," मी म्हणालो.

कडूबाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मोबाईल हळूच माझ्या हातातून काढून घेतला आणि पदरानं पुसला.

"तुमची थाप कशी लांबलचक आसती, भाऊजी," ती म्हणाली. "एवढी आखूड मी कव्हा आयकली न्हाई."